एका दिवसाचे देवधर

“मिस्त्री नाही, अहो. अहो म्हणायचं,” सप्रे साहेब म्हणाले. “वीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याला मिस्त्री म्हणते का?”

“तिचा नवरा मिस्त्री असला तर म्हणतेच ना, साहेब.”

“तुमचा नवरा रेल्वेत इंजिनियर आहे, टेंभुर्णे. चिठ्ठी वाचा.”

मी चिठ्ठी वाचली. ‘श्री. व सौ. देवधर, बिलासपूर. लग्नाला वीस वर्षं. सकाळी अकरा वाजता येतात, संध्याकाळी सात वाजता जातात. श्री. तक्रारखोर. सौ. यांना चादरीवर सुरकुती चालत नाही.’ शेवटचं वाक्य हा मला मारलेला टोमणा होता, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. हॉटेलच्या लिनन रूमची मी प्रमुख. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडं सगळी माझ्या हातून जायची, आणि सुरकुतीवरून मी धोब्यांना कसं फाडून खाते ते सप्रे साहेबांनी दोन-तीनदा स्वतः ऐकलं होतं.

माझ्याशेजारी श्री. देवधर उभे होते, म्हणजे प्रभाकर निखारे, सुतार. त्यांच्या अंगात स्टोअरकीपरचा कोट होता आणि तो खांद्यात घट्ट बसत होता. ते पायांकडे बघत होते.

“मले नाही जमत साहेब असं,” ते म्हणाले.

“जमवा. आजचा दिवस फक्त.”

नागपूर स्टेशनसमोर रस्ता ओलांडला की आमचं जंक्शन हॉटेल. इंग्रजांच्या काळात रेल्वे कंपनीनं आपल्या साहेबलोकांसाठी आणि पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी बांधलेलं. मध्ये अठरा वर्षं कुलूप होतं. वरच्या मजल्यावर वटवाघळं आणि खाली पोर्चमध्ये ऑटोवाले. मग एका कंपनीनं ते भाड्यानं घेतलं आणि सव्वा वर्ष खपून पुन्हा उभं केलं. उद्घाटनाला चार दिवस उरले होते. सप्रे साहेब पुण्याचे, मोठमोठ्या हॉटेलांत काम केलेले. त्यांची पद्धत अशी, की खरे पाहुणे यायच्या आधी नोकरांनीच एकेक दिवस पाहुणे होऊन राहायचं. अर्धे पाहुणे, अर्धे कामावर, दुसऱ्या दिवशी उलट. प्रत्येकाला चिठ्ठीतून नाव-गाव मिळायचं आणि दिवस संपेपर्यंत ते सोडायचं नाही. खऱ्या नावानं हाक मारली तर सगळ्यांना चहा पाजायचा. जे खरे नवरा-बायको होते त्यांना रात्रभर राहायला मिळालं. आम्ही खोटे होतो म्हणून अकरा ते सात.

प्रभाकर निखारे हॉटेलचे नोकर नव्हते. ते ठेकेदाराबरोबर आलेले. इमारतीच्या एकशेबारा खिडक्या त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी एकेक करून उतरवल्या, जोडल्या, पॉलिश करून पुन्हा बसवल्या. बाकीचे सुतार आठवड्यापूर्वीच पुढच्या कामावर कलकत्त्याला गेले होते. हे मागे राहिले होते कुठं काही अडलं-नडलं तर बघायला, आणि त्याच संध्याकाळी सात पन्नासच्या गाडीचं त्यांचं तिकीट होतं. पाहुणे कमी पडत होते, म्हणून सप्रे साहेबांनी त्यांना धरलं.

आता मी सरळच सांगून टाकते. मला तो माणूस हवा होता. वय माझं छत्तीस. दोन भावांची शिक्षणं, मग त्यांची लग्नं, यात माझं राहून गेलं होतं, आणि लोकांनी विचारणंही सोडून दिलं होतं. ते एक्केचाळीसचे. पॉलिशला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं, नवं चालत नाही, म्हणून ते रोज दुपारी तीनला माझ्या दारात चिंध्या मागायला यायचे. जुन्या हॉटेलच्या वेळच्या चादरी ट्रंकांत भरून पडल्या होत्या. फाटलेल्या असतील त्या मी बाद करायची आणि फाडून द्यायची. पहिल्या तीन महिन्यांत त्या संपल्या. पुढचे अकरा महिने मी चांगल्या चादरी बाद करत होते. उजेडासमोर धरायची, नसलेलं भोक शोधायची आणि टर्रकन फाडायची. सप्रे साहेबांना हे कळलं असतं तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

बोलणं म्हणाल तर एवढंच. “झालं का आजचं, मिस्त्री?” “हो मॅडम. तीन खिडक्या झाल्या.” मग ते चिंधी दोन बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे, “हे मस्त आहे.” त्या ‘मस्त’वर माझी संध्याकाळ निघायची.

तर असे आम्ही अकरा वाजता हातात रिकामी सुटकेस घेऊन काउंटरवर उभे राहिलो. मी शेजारणीची आंबा रंगाची रेशमी साडी मागून आणली होती. रजिस्टरमध्ये त्यांनी ‘देवधर’ लिहिलं, सुतार पेन्सिलीनं फळीवर लिहितात तसं, दाबून. सामान उचलायला गुलाबभाऊ आले. गुलाबभाऊ साठीचे. जुन्या हॉटेलातही बेअरर होते, आणि नव्यात त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“या साहेब. या मॅडम,” ते म्हणाले आणि दाबलेल्या हसण्यानं त्यांच्या मिशा हलायला लागल्या. “गाडी वेळेवर होती का?”

“हो,” श्री. देवधर म्हणाले.

“तक्रारखोर ना तुम्ही?” मी हळूच कोपर मारलं. “उशिरा आली म्हणा.”

“उशिरा आली,” ते म्हणाले. “पण चालते.”

खोली नंबर नऊ वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. तिथं मी शंभरदा गेले होते, पण हातात चादरींची चळत घेऊन, मागच्या जिन्यानं. पुढच्या रुंद लाकडी जिन्यानं, कठड्यावर हात ठेवून मी पहिल्यांदाच चढले. वर पोचेपर्यंत माझी चालसुद्धा बदलली होती. उंच छत, लांब दांड्याचा पंखा, भिंतीत आरसा आणि दोन उंच खिडक्या. बाहेर व्हरांडा, आणि त्याच्यापुढं रस्त्यापलीकडं स्टेशन सगळंच्या सगळं दिसत होतं.

गुलाबभाऊंनी दार ओढून घेतलं आणि आम्ही दोघंच उरलो. खोलीत एक पलंग होता. आम्ही दोघांनीही तो नसल्यासारखा केला. ते तडक खिडकीकडे गेले, मी आरशाकडे. मग मला राहवेना. पलंगाच्या एका कोपऱ्याला चादर सैल खोचली होती. मी वाकून ती काढली आणि नीट खोचायला लागले.

“पाहुणे असं करत नाहीत,” ते खिडकीतून म्हणाले.

“आणि पाहुणे बिजागऱ्या तपासतात का?”

ते हसले. चौदा महिन्यांत त्यांना आवाज काढून हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

जेवायला खाली गेलो तिथं फजितीच झाली. सूप गार होतं, मुद्दाम गार दिलेलं होतं. श्री. देवधरांनी त्यावर आकांडतांडव करावं आणि वाढणाऱ्यानं ते कसं सांभाळावं हे सप्रे साहेबांना बघायचं होतं. ते खांबाआडून बघत उभे होते. श्री. देवधरांनी सूप शांतपणे संपवलं.

“कसं होतं, साहेब?” गुलाबभाऊंनी विचारलं.

“चांगलं होतं.”

खांबाआडून साहेबांचा सुस्कारा ऐकू आला. मीच मग तोंड उघडलं. सूप गार, पोळी जाड, पाण्याचा ग्लास डागाळलेला, आणि मांडीवरच्या रुमालाला इस्त्री आहे की नुसताच उन्हात वाळवलाय? शेवटची तक्रार माझ्याच खात्याची होती हे ती करून झाल्यावर लक्षात आलं. गुलाबभाऊ गर्रकन पाठमोरे झाले. त्यांचे खांदे हलत होते. सावरून वळल्यावर त्यांनी शिकवल्याप्रमाणे पाहुण्यांशी चार शब्द बोलायला घेतले.

“मुलंबाळं काय करतात, साहेब?”

मी काहीतरी बनवणार तोच ते म्हणाले, “एक मुलगी आहे. यंदा दहावीला. हुशार आहे, पण गणित कच्चं आहे. रोज संध्याकाळी मी घेऊन बसतो.”

एका दमात. न अडखळता. सकाळपासून ‘हो’ आणि ‘चालते’ यापलीकडे न गेलेला माणूस. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे त्या क्षणी सुचलेलं नव्हतं. हे कधीचं तयार होतं.

दुपारी व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या टाकून बसलो. फेब्रुवारीतलं ऊन, बाधत नव्हतं. समोर यार्डात डबे जोडायचं काम चालू होतं.

“मुलीचं नाव काय ठेवलंय आपण?” मी विचारलं. खेळातलंच विचारलं.

“शेवंती,” ते म्हणाले.

“कोणी ठेवलं?”

“तुम्हीच ठेवलं ना.”

“मी? आणि तुमची आई काय म्हणाली?”

“तिला पसंत होतं. तिचा जीव होता शेवंतीवर.” ते यार्डातल्या डब्यांकडे बघत होते. “आई दोन वर्षांमागं गेली ना. खरं तर बरंच झालं, मला असं एकटं बघायला ती... नाही, बरं नाही झालं. ती असती तर घरी कोणी असतं.”

आता कोण बोलत होतं, देवधर की निखारे, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते थांबले असते, आणि मला ते थांबायला नको होते. आम्ही घर बनवलं. बिलासपूरला नाही, इथंच, अजनीच्या बाजूला, दोन खोल्यांचं. खिडक्या त्यांनी केल्या, पूर्वेला दोन. पडदे मी शिवले. ते म्हणाले, पडद्यांची गरज नाही, झडपा आहेत. मी म्हटलं, झडपा असल्या तरी पडदे लागतात. यावरून वीस वर्षांचं लग्न झालेली माणसं भांडतात तसे आम्ही पंधरा मिनिटं भांडलो, आणि शेवटी ते म्हणाले, “बरं, लावा पडदे.” इतकं सुख मला आयुष्यात कशानं झालं नव्हतं, आणि ते एका न बांधलेल्या घराच्या पडद्यांनी झालं.

मग त्यांचा डोळा लागला. मी हललेसुद्धा नाही. पॉलिशनं तपकिरी झालेली नखं, अंगठ्यावर पटाशीचा जुना वण, कोटाच्या बाहेर आलेली मनगटं, सगळं बघून घेतलं. घड्याळात साडेतीन वाजले होते. साडेतीन तास उरले होते आणि त्यातले काही ते झोपून घालवत होते, तरी मला त्यांना उठवावंसं वाटेना.

हा दिवस मी नंतर कितीतरी वेळा लोकांना हसवायला सांगितला. हॉटेलातली नवी माणसं तर मागे लागायची, मॅडम, तुमच्या लग्नाची गोष्ट सांगा. मी गार सूप सांगायची. आणि ते सांगायची, की जागे झाल्यावर श्री. देवधरांनी अखेर तक्रारीचा फॉर्म मागवला आणि तब्येतीनं लिहिलं, ‘खोली नऊ, डावी खिडकी, वरची बिजागरी कुरकुरते. ज्यानं बसवली त्याचं लक्ष नव्हतं.’ स्वतःच्याच कामावर सही करून तक्रार. लोक हसून हसून बेजार व्हायचे आणि मी तिथंच थांबायची. पुढचं सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

पाच वाजता गुलाबभाऊ चहा ठेवून गेले. श्री. देवधर कठड्याला टेकून उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

“एक विचारायचं होतं,” ते म्हणाले.

“विचारा की.”

“देवधरला इथंच कायमची जागा देऊन राहिले. नागपूरलेच. नाही घेतली, तर कलकत्ता.” कठड्याच्या लाकडावरून ते अंगठा फिरवत होते, जसं काही तिथं खरखरीत राहिलंय. “काय करू?”

देवधरांच्या चिठ्ठीत कलकत्ता नव्हतं.

मला कळलं. नंतर मी कित्येक वर्षं मनाला समजावलं, की मला वाटलं खेळच चाललाय, मला काय माहीत. पण कळलं होतं. उचललेला कप मी न पिताच खाली ठेवला, इतकं कळलं होतं. इथं त्यांना खरंच जागा मिळतेय हे मला ठाऊक नव्हतं, पण विचारतोय कोण आणि कुणाला, हे मला कळलं होतं.

पण त्यांनी वळून बघावं, असं मला वाटत होतं. देवधर बाजूला ठेवून, माझं नाव घेऊन विचारावं. छत्तीस वर्षांत मला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, फीचं, औषधाचं, सोड्याचं, नीळ किती घालायची याचं. हे कुणी विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं तेही दुसऱ्याच्या नावानं, पाठ करून. शिवाय भीती. मी म्हणायची ‘राहा’, आणि ते म्हणायचे, अहो मॅडम, मी तर आपलं चिठ्ठीतलं बोलत होतो. मग सगळ्या हॉटेलात तोंड दाखवायची सोय नाही. सौ. देवधरांच्या आड मला बरं वाटत होतं. त्यांना कोण हसणार होतं?

“बदली आली की जावं लागते,” मी मान उडवून म्हटलं, अगदी ठसक्यात. “रेल्वेतल्या माणसानं बायकोला विचारायचं असते का? जा तुम्ही. मी सामान बांधते.”

आणि वाट बघितली. आता हे म्हणतील, खरंच जाऊ? एकदा म्हणू दे. समोरून एक मालगाडी जायला लागली. मी डबे मोजले नाहीत, पण तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत मी वाट बघितली.

एक गोष्ट मी विसरले होते. तो माणूस सुतार होता. त्याला जेवढं माप सांगितलं तेवढंच तो कापायचा. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर संशय घेणं, असं त्याला वाटायचं.

“बरं,” ते म्हणाले, आणि खुर्चीवर येऊन त्यांनी चहा प्यायला. सगळा प्यायला. मग आम्ही कशावर बोललो ते आठवत नाही. बहुतेक हवेवर.

सातला सप्रे साहेबांनी खालच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवून दिवस संपल्याचं जाहीर केलं. सगळे एकमेकांना खऱ्या नावांनी हाका मारायला लागले, नुसता कल्ला. ते कोट काढून आपल्या शर्टात आले होते. हत्यारांची पेटी खांद्याला होती. एवढ्या गर्दीत ते माझ्यापर्यंत आले.

“येतो मी, मॅडम.”

“हो मिस्त्री. सांभाळून जा.”

“चिंध्या चांगल्या होत्या तुमच्या,” ते म्हणाले. “सगळ्या.”

मी मान हलवली. ते साहेबांपाशी थांबून काही बोलले, मग पोर्च उतरले आणि रस्ता ओलांडून स्टेशनच्या गर्दीत शिरले. पेटी काही वेळ माणसांच्या डोक्यांवरून दिसत राहिली. मग ती कुणाची पेटी, कुणाचं गाठोडं ते कळेना.

मी लिनन रूममध्ये जाऊन दिवसभराच्या चादरी मोजून घेत बसले. सव्वाआठला सप्रे साहेब तक्रारींचे फॉर्म घेऊन आले. खुशीत होते, पण कपाळाला आठी होती.

“टेंभुर्णे, हा निखारे काय माणूस आहे हो? परवा त्याला मी इथली पर्मनंट जागा देऊ केली. मेंटेनन्सचा मुख्य. राहायला क्वार्टर. अशा इमारतीला असा माणूस लागतो, उद्या एक खिडकी अडली तर मी कुणाला बोलावू? तर म्हणाला, शनिवारी संध्याकाळी सांगतो, घरी विचारावं लागेल.”

मी हातातली चादर घडी करायची थांबले.

“आणि आज जाताना सांगून गेला, घरून जा म्हणाले. संपलं. इतकी चांगली नोकरी!” त्यांनी फॉर्म टेबलावर टाकले. “घरी कोण असतं त्याच्या? बायको?”

तो आरा मशीनच्या मागं एका खोलीत राहायचा. बरोबरचे सगळे कलकत्त्याला गेल्यावर एकटाच राहायचा. त्या शनिवारी तर तो सकाळपासून कुठं गेलाच नव्हता, माझ्याशेजारी होता. सात पन्नासची गाडी वेळेवर सुटली होती, आमच्या खिडकीतून ऐकू आली होती.

“हो,” मी म्हटलं. “बायको असते.”

“मग तिला कुणीतरी समजवायला हवं होतं. अडाणी दिसतेय.”

“अडाणीच आहे साहेब,” मी म्हटलं.